पुढच्या खांबापर्यंत
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



शाळेत क्रीडादिनी मी कधी धावले नाही. सर माझ्या हाती स्टॉपवॉच देऊन मला रेषेपाशी उभं करायचे. त्यामुळे मी मॅरेथॉनवर बोलणार म्हटल्यावर मागच्या बाकांवर पिकलेला हशा मला ऐकू आला आहे!

चाळिशी ओलांडल्यावर मी मुंबई मॅरेथॉनला नाव दिलं. ४२.१९५ किलोमीटर. पाच महिने सराव केला, रविवारी ३० किलोमीटरपर्यंत धावले. पण पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पेडर रोडचा चढ लागतो, तिथे मी थांबले आणि गाडीत बसून परतले. पाय दुखत होते हे खरं, पण थांबवलं मनानं. अर्ध्या वाटेपासून मी घड्याळ बघून नुसते हिशेब करत होते. वेग किती घसरला, किती उरलं, घरी काय सांगायचं.

पुढच्या वर्षी मनाचाही सराव केला. कानात गाणी नाहीत, घड्याळ बाहीखाली. लक्ष तीनच गोष्टींवर: श्वास, खांदे, पावलांचा आवाज. पाच मिनिटांत मन ऑफिसात पोचायचं. आधी चिडायचे. मग कळलं, ते पळणारच. आपण न रागावता त्याला परत आणायचं, शंभरदा पळालं तर शंभरदा. प्रोग्रॅममधली चूक शोधताना एकेक ओळ बघतो, तसा चढावर एकेक विजेचा खांब.

त्याच वर्षी आई आजारी पडली. तिच्या उशाशी बसले तरी माझा हात सारखा फोनकडे जाई. एकदा ती म्हणाली, “आलीस खरी, पण आहेस कुठं?” फार लागलं. त्या दिवसापासून रोज अर्धा तास फोन बाहेरच्या खोलीत ठेवला. मन भरकटलं की तिच्या हाताकडे बघायचे. दिवाळीनंतर आई गेली. ते अर्धे तास माझ्यापाशी आहेत.

जानेवारीत पेडर रोड पुन्हा आला. एक खांब, मग पुढचा. पाच तास एक्केचाळीस मिनिटांत शर्यत पूर्ण केली.

सर, तेव्हा मी स्टॉपवॉचकडेच बघत राहिले, धावणाऱ्या मैत्रिणी बघायच्या राहूनच गेल्या. आज त्या सगळ्या समोर आहेत. संध्याकाळपर्यंत फोन पिशवीत ठेवूया का?