निद्रिस्त लॅपटॉप आणि शिक्षकाची सावधगिरी



शाळेच्या लॅपटॉपवर विंडोजचे अपडेट झाले आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडल्यावर पडदा काळाच राहिला, तर यंत्र निकामी झाले असे मानू नये. निद्रावस्थेत यंत्राचे बहुतेक भाग थांबतात. हातातले काम मात्र 'रॅम' या तात्पुरत्या स्मृतीत अल्प विजेवर टिकून राहते. जागे होताना पडदा उजळविण्याचे काम 'ड्रायव्हर' नावाच्या प्रणालीकडे असते. अपडेटमध्ये तीच बदलली व यंत्राशी जुळली नाही, तर पडदा उजळत नाही.

अशा वेळी प्रथम चार्जर जोडून एखादी कळ दाबावी. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या चार कळा एकदम दाबाव्यात. त्यायोगे पडद्याचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तरीही उपयोग न झाल्यास पॉवरचे बटण सुमारे 10 सेकंद, यंत्र बंद होईपर्यंत, दाबून धरावे व यंत्र पुन्हा सुरू करावे. यात सेव्ह न केलेले काम जाते, हे विसरू नये. दोष वारंवार उद्भवल्यास 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये पडद्याच्या ड्रायव्हरपुढे 'रोल बॅक ड्रायव्हर' ही सोय उपलब्ध असल्यास जुना ड्रायव्हर परत आणावा.

दुरुस्ती करणारा फॉरमॅटचा सल्ला देईल. तत्पूर्वी फायलींची प्रत अवश्य घ्यावी. मुलांच्या गुणनोंदींत वर्षभराचे कष्ट असतात. म्हणून झाकण मिटण्यापूर्वी काम सेव्ह करण्याची सवय हाच खरा उपाय होय.