मोडलेलीं हाडें आणि जिल्ह्याच्या सीमा

धाराशिव जिल्ह्याच्या दक्षिण भागांत ‘पुनर्वसन’ हा शब्द रोजच्या बोलण्यांतला झाला आहे. जुनें गांव म्हणजे दगडांचा ढिगारा आणि नवें गांव म्हणजे पुनर्वसन, असा त्याचा तेथील अर्थ. वास्तविक पाहतां वसणें हें जसें घराला लागू पडतें तसेंच देहालाहि. मोडलेल्या देहांत माणूस पुन्हा सुखानें वसूं लागला, तर तेंहि पुनर्वसनच होय. पण हा दुसरा अर्थ त्या मुलखांत फारसा रुजला नाहीं. घरें बांधलीं गेलीं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचें पुढें काय, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरावर सोंपविला गेला.

श्रोतेहो, ३० सप्टेंबर १९९३ ची पहांट पुष्कळांच्या स्मरणांत असेल. गणेशविसर्जन आटोपून गांवेंच्या गांवें झोंपीं गेलीं होतीं. ३ वाजून ५६ मिनिटांनीं भूमि हादरली. भूकंपाचें मान ६.२ च्या आसपास होतें. जगांत याहून मोठे धक्के अनेक झाले आहेत. येथें घात केला तो घरांनींच. काळ्या दगडांच्या, मातींत रचलेल्या जाड भिंती आणि वर माळवद. लांकडी तक्तपोशीवर पसरलेला मातीचा थर उन्हाळ्यांत घर थंड ठेवी. तोच थर त्या रात्रीं निजलेल्या माणसांच्या अंगावर आला. सुमारें ८,००० माणसें मृत्यु पावल्याची सरकारी नोंद आहे. इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. जखमींची संख्या सुमारें १६,००० होती.

या सोळा हजारांकडे इतिहास लिहिणाऱ्यांचें लक्ष कमी जातें. मेलेल्यांची मोजदाद होते, पडलेल्या घरांचीहि होते. जो जखमी होऊन जगला त्याचा हिशेब मात्र पहिल्या महिन्यानंतर कोणी ठेवीत नाहीं.

दगडमातीखालीं सांपडलेल्या माणसाची जखम साधी नसते. मांडीचे किंवा दंडाचे स्नायु तासन् तास दडपले गेले म्हणजे ते आंतल्या आंत मरूं लागतात. दडपण दूर होतांच त्यांतील घातक द्रव्यें रक्तांत उतरतात आणि मूत्रपिंडें बंद पडतात. ढिगाऱ्यांतून बोलत बाहेर आलेला माणूस मग दोन-चार दिवसांनीं दगावतो, आणि लोक म्हणतात, धसका घेतला. दुसऱ्या महायुद्धांत लंडनवर बाँब पडले, तेव्हां अशा रोग्यांचें निरीक्षण करून बायवॉटर्स व बील यांनीं १९४१ सालीं हा विकार वर्णन केला. उपाय असा कीं, शक्य तर दगड उचलण्यापूर्वींच शिरेंतून सलाईन सुरू करावें, आणि मूत्रपिंडें थकलींच तर डायालिसिसच्या यंत्रानें रक्त शुद्ध करावें. यांतील पहिलें काम गांवांत व्हावयाचें, दुसरें मोठ्या शहरांत. एकाच रोग्याचा जीव अशा रीतीनें दोन ठिकाणांच्या हातीं असतो.

पाठीच्या कण्याचें तसेंच. घाबरलेले शेजारी जखमीला बगलेंत व पायांशीं धरून उचलतात, आणि तुटूं पाहणारी मज्जारज्जू त्या उचलण्यांतच तुटते. दाराची एक फळी अंगाखालीं सरकविली असती, डोकें, मान व पाठ एका रेषेंत ठेवून चौघांनीं एकदम उचललें असतें, तर कांहींचे पाय वांचले असते. हें शिकविण्यास वैद्यकाची पदवी लागत नाहीं; शाळेंतील कवायतीच्या तासालाहि तें शिकवितां येईल.

त्या दिवशीं सास्तूर, होळी, राजेगांव, पेठसांगवी हीं गांवें उस्मानाबाद जिल्ह्यांत होतीं आणि किल्लारी, मंगरूळ, तळणी हीं लातूर जिल्ह्यांत. १९८२ सालापर्यंत हा सारा मुलूख एकाच जिल्ह्यांत मोडत असे. अकरा वर्षांपूर्वीं कागदावर ओढलेल्या रेषेची भूकंपानें दखल घेतली नाहीं, आणि जखमींना वाहून नेणाऱ्यांनींहि घेतली नाहीं. ट्रॅक्टर, जीप, मालमोटारी, जें मिळेल त्यांत घालून लोकांनीं माणसें उमरग्यास नेलीं, लातूरला नेलीं, शंभर किलोमीटरांच्या आसपास असलेल्या सोलापूरला नेलीं. पाऊस पडत होता. पुण्यामुंबईहून डॉक्टर आले, लष्कर आलें. सहकार्य झालें यांत शंका नाहीं. पण तें संकटानें घडविलें, आधीं ठरलेलें नव्हतें. कोणत्या जखमीस कोठें न्यावें, हें बहुधा गाडी हांकणारा ठरवीत होता.

भूकंप नित्य होत नाहीं. अपघात मात्र रोजचे आहेत. सोलापूर-हैदराबाद आणि धुळें-सोलापूर हे दोन महामार्ग या जिल्ह्यांतून जातात. हंगामांत उंसानें भरलेल्या, मागें दिवा नसलेल्या ट्रॉल्या रात्रीं रस्त्यावर उभ्या असतात. परंड्याचा जखमी जवळ म्हणून बार्शीस जातो, कळंबचा अंबाजोगाईस किंवा लातूरला, उमरग्याचा सोलापूरला किंवा सीमा ओलांडून कलबुर्गीस. म्हणजे एका जिल्ह्याचे जखमी चार-पांच जिल्ह्यांच्या दवाखान्यांत विखुरतात, आणि बरे होऊन परतले तरी त्यांची एकत्र नोंद कोठेंच नसते.

इंग्लंडांत हाच घोळ होता. जवळच्या रुग्णालयांत न्यावें आणि तेथें योग्य शल्यविशारद नसला म्हणजे पुन्हा दुसरीकडे हलवावें, यांत वेळ जाई व माणसेंहि जात. तेथें २०१० सालीं लंडनमध्यें आणि २०१२ सालीं उरलेल्या देशांत विभागवार जाळीं उभारलीं गेलीं. जखमेचें स्वरूप पाहून रुग्णवाहिकेंतील माणसेंच ठरवितात कीं, जवळचें रुग्णालय सोडून थेट मोठ्या केंद्रास जावयाचें किंवा नाहीं. प्राणसंकट टळलें कीं तें केंद्र रोग्याला त्याच्या घराजवळच्या रुग्णालयाकडे परत पाठवितें, आणि त्याबरोबर पुनर्वसनाची एक लेखी चिठ्ठी देतें. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका सुरू झाल्या, ही मोठीच सोय झाली. पोलिसांचा कागद होईपर्यंत डॉक्टरनें थांबूं नये, हें तर सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालींच सांगितलें आहे. तेव्हां जाण्याची वाट बरीच सुधारली. परतीची वाट अजून कच्ची आहे.

कमरेखालचें अंग लुळें पडलेला तरुण महिन्या-दीड महिन्यानें शहरांतून घरीं येतो. हाड जुळलें म्हणून शल्यविशारदाचें काम संपलें. इकडे आईला वाटतें, मुलाला हलवूं नये, दुखेल. तो एकाच कुशीवर पडून राहतो, माकडहाडापाशीं कातडी लाल होते, मग काळी पडते, आणि ज्या जखमेचा अपघाताशीं कांहींच संबंध नाहीं ती जखम त्याला नेते. १९४४ सालीं लुडविग गुटमान यांनीं इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांसाठीं विभाग सुरू केला. दर दोन तासांनीं कूस बदलणें आणि लघवीच्या मार्गाची स्वच्छता, यांवर त्यांनीं कटाक्ष ठेविला. पूर्वीं जे रोगी कांहीं महिन्यांत मरत, ते त्यांच्या हाताखालीं कामधंद्याला लागले, खेळूंहि लागले. त्याच १९४४ सालीं पुण्यास लष्करानें कृत्रिम अवयवांचें केंद्र काढलें, आणि १९५५ सालीं मुंबईस हाजी अलीजवळ अपंगांच्या उपचाराची संस्था निघाली. विद्या आपल्याकडे नाहीं असें नाहीं. ती सास्तूरपर्यंत पोंचावी कशी, एवढाच प्रश्न आहे.

त्याची सामग्रीहि जिल्ह्यांतच आहे. अणदूर येथें हॅलो मेडिकल फौंडेशननें डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या नेतृत्वाखालीं गांवच्याच स्त्रियांना आरोग्याचें शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ तयार केल्या. सास्तूरला भूकंपानंतर उभें राहिलेलें स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे. २०२२ पासून धाराशिवास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें आहे. सोलापूर, लातूर व अंबाजोगाई येथील महाविद्यालयें तर शेजारींच आहेत. या सर्वांनीं जिल्ह्यांच्या सीमा बाजूस ठेवून एक समाईक नोंदवही ठेवावी: कोण जखमी कोठून आला, कोठें गेला, घरीं केव्हां परतला. मोठ्या रुग्णालयानें रोग्यास सोडण्याच्या आदल्या दिवशीं त्याच्या गांवच्या आशा कार्यकर्तीस कळवावें. ती घरीं जाऊन खाट कोठें मांडावी, उंबऱ्याशीं उतार कसा करावा, हें पाहून ठेवील. नव्या गांवांत रस्ते रुंद आहेत, चाकांची खुर्ची त्यांवरून खुशाल जाईल. पण जोत्याच्या दोन पायऱ्या ती चढूं शकत नाहीं.

आणि ती चिठ्ठी. रोग्याच्या हातीं आज जो कागद पडतो तो इंग्रजींत असतो, घाईच्या अक्षरांत असतो, आणि घरांत वाचणारा बहुधा नववी-दहावींतला मुलगा असतो. कूस किती वेळानें बदलावी, कातडी लाल दिसल्यास काय करावें, पुन्हा केव्हां यावें आणि मधल्या काळांत कोणास विचारावें, एवढ्या चार ओळी मराठींत, सुवाच्य अक्षरांत लिहून द्याव्या. त्या मुलाला त्या वाचतां येतील.