गाडी कुठल्या क्लासमध्ये?

शर्यतीच्या अर्जात नाव, रक्तगट, लायसन्स नंबर हे सगळं झटकन भरून होतं. पेन अडतं ते 'क्लास' या रकान्यापाशी. वाशी-तुर्भ्यापासून खारघर-पनवेलपर्यंत हौसेनं गाड्या 'बनवून' घेणारी बरीच मंडळी आहेत. आजचं बोलणं त्यांच्यासाठी. रात्री पाम बीच रोडवर हौस भागवणाऱ्यांसाठी नाही. त्यांचा क्लास ठरवायला वाहतूक पोलीस समर्थ आहेत.

हौशी माणसाला झेपतील अशा शर्यती म्हणजे मैदानात कोन मांडून घड्याळाशी खेळायची ऑटोक्रॉस, नाहीतर सरळ रेषेतली ड्रॅग. लोणावळ्याकडे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. अशा ठिकाणी वर्गवारीचा पाया असतो तो इंजिनाची क्षमता, म्हणजे सीसी. १४००, १६००, २००० या रॅलीतल्या जुन्या, मुरलेल्या पायऱ्या.

मग अडचण कसली? आरसी बघा आणि आकडा लिहा! पण असं बघा, स्विफ्टचं पेट्रोल इंजिन ११९७ सीसीचं होतं आणि २०१३ साली आलेल्या पोलो जीटी टीएसआयचंही ११९७चंच. स्विफ्ट १४००च्या आत आरामात बसते. पोलोला मात्र टर्बो आहे. टर्बो हवा दाबून आत भरतो, त्यामुळे तेवढ्याच सिलिंडरात जास्त इंधन जळतं. म्हणून आंतरराष्ट्रीय ऑटोमोबाइल महासंघ, एफआयए, आपल्या रॅली-नियमांत टर्बो पेट्रोल इंजिनाच्या सीसीला १.७नं गुणतो आणि टर्बो डिझेलला १.५नं. पोलोचे होतात २०३५. म्हणजे दोन हजारांची पायरीही ओलांडली, तीही जेमतेम ३५नं! त्याच हिशेबानं ९९९ सीसीची नंतरची पोलो टीएसआय १६९८वर येते आणि १२४८ सीसीची डिझेल स्विफ्ट १८७२वर. छोट्या इंजिनाची गाडी म्हणून छोट्या क्लासमध्ये अर्ज टाकणाऱ्यांचा घोळ होतो तो इथं.

दुसरा घोळ गॅरेजात होतो आणि मला तो जास्त गमतीचा वाटतो. १९९९ साली आलेली जुनी मारुती बलेनो आठवते? बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७५ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९०, सिलिंडर चार. हिशेब १५९० सीसी. सोळाशेच्या क्लाससाठीच जन्मली म्हणा ना. आता अशी सेकंडहँड गाडी घेतली, आधीच्या मालकानं इंजिनाचं काम काढलं होतं, सिलिंडर झिजले म्हणून रीबोअर करून पाव मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन टाकले होते. बोअर ७५.२५. गुणाकार करा: १६०१. एका सीसीनं गाडी वरच्या क्लासमध्ये! अर्धा मिलिमीटर वाढवला असेल तर १६१२. आरसीवर मात्र १५९० तसेच. कागद खोटा नाही, इंजिन बदललंय. म्हणून जुनी गाडी असेल तर आरसीच्या आधी मिस्त्रीला विचारावं, "पिस्टन कुठल्या साइजचे आहेत?"

उरला प्रश्न केलेल्या बदलांचा. कॅमशाफ्ट, ईसीयूचं रीमॅपिंग, हलकी केलेली बॉडी यांतलं काय चालतं, हे क्लासगणिक बदलतं. साध्या क्लासमध्ये न चालणारा एकही पार्ट असला, तर सीसी कितीही कमी असो, 'ओपन' क्लासमध्ये जावं लागतं. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी गाडी जशी कंपनीतून आली तशीच पळवावी. मोजायला सोपी, भांडायला नको.

भांडणं होतातच. हरलेला स्पर्धक फी भरून प्रोटेस्ट करू शकतो. मग इंजिन उघडून बोअर मोजायची वेळ येते आणि चूक निघाली तर निकाल जातो. त्यापेक्षा प्रत्येक शर्यतीची पूरक नियमावली आधी मिळते, ती वाचा. त्या दिवशी कुठल्या पायऱ्या, टर्बोला कुठला गुणक, हे त्यात असतं. शंका राहिलीच, तर एन्ट्री फी भरण्याआधी आयोजकांना फोन करा आणि इंजिनाचा बोअर-स्ट्रोक जवळ लिहून ठेवा, कारण ते पहिलं तेच विचारतील.