कव्हरवर नसलेली नावं

(युवक शिबिरात केलेलं भाषण)



मला इथं गाण्यावर बोलायला उभं केलंय. काहींच्या तोंडावर दिसतंय, की पोटाचे प्रश्न सोडून हा गाण्यात कुठं शिरला? थांबा जरा. गाणं हा पोटाचाच प्रश्न आहे. कुणाच्या हातानं वाजतं आणि कुणाच्या ताटात पडतं, एवढाच तो प्रश्न.

शाळेत होतो तेव्हा फुटपाथवरून एक जुनी कॅसेट घेतली. अमेरिकेतल्या काळ्यांची निवडक नाचाची गाणी. सोल, फंक, डिस्को, सगळं एकात कोंबलेलं. इंग्रजी कळत नव्हतं, पायांना मात्र सगळं कळत होतं. माझा बाप भीमगीतांच्या कॅसेटींत ढोलकी वाजवायचा. त्यानं ती हातात घेतली, उलटीसुलटी केली. गाण्याचं नाव, गायकाचं नाव, कंपनीचं नाव. बस्. बाप म्हणाला, "हितंबी वाजवणाऱ्याचं नाव न्हाय व्हय रं?"

तेव्हापासून मी ती नावं शोधतोय. आज चारच सांगतो.

पहिलं नाव जेम्स जेमर्सन. गाव डेट्रॉइट, मोटारींच्या कारखान्यांचं. तिथं 1959 साली बेरी गॉर्डी या काळ्या माणसानं घरच्यांकडून 800 डॉलर उसने घेतले आणि मोटाऊन कंपनी काढली. तो स्वतः फोर्डच्या कारखान्यात राबलेला. काळ्याची कंपनी, काळे गायक, आणि त्यावर गोऱ्यांची पोरंही नाचली. ही लहान गोष्ट नाही, टाळी वाजवा. पण स्टुडिओत गायक बदलायचे, वाजवणारे बहुतेक तेच. त्यांना फंक ब्रदर्स म्हणत. जेमर्सन त्यांचा बास गिटारवाला, एका बोटानं वाजवायचा. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, स्टीव्ही वंडर, या सगळ्यांच्या गाण्यांखाली तो पायासारखा आहे. निवडक मोटाऊन म्हणून जे काही खपलं, त्यात तो आहेच. कव्हरवर मात्र नाही. 1971 साली मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर वाजवणाऱ्यांची नावं आली. लगेच 1972 ला कंपनी लॉस एंजलिसला निघाली. कित्येक वादकांना ते स्टुडिओच्या दारावरची नोटीस वाचून कळलं! जेमर्सन 1983 साली मेला, वय 47.

दुसरं नाव क्लाइड स्टबलफील्ड, जेम्स ब्राऊनचा ड्रमवाला. एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला. त्याच ऑगस्टात ब्राऊननं 'से इट लाऊड' रेकॉर्ड केलं. काळेपणाची लाज झटकून टाकणारं गाणं. त्यातला ड्रम स्टबलफील्डचा. पुढच्या वर्षी त्यानं 'फंकी ड्रमर'मध्ये एक तुकडा वाजवला, नुसता ड्रम. ते गाणं लाँगप्लेवर आलं थेट 1986 मध्ये, 'इन द जंगल ग्रूव्ह' या संकलनात. मग हिपहॉपवाल्या पोरांनी तो तुकडा उचलला. पब्लिक एनिमीनं 1989 च्या 'फाइट द पॉवर'मध्ये वापरला, आणखी शेकडोंनी वापरला. पण गाण्याचा कर्ता म्हणून कागदावर नाव एकट्या ब्राऊनचं. ज्याच्या हातांनी तुकडा घडवला त्याचा हक्क शून्य. 2017 ला तो गेला.

इथं एक कडू गोष्ट गिळा. गॉर्डी काळा. ब्राऊन काळा. कातडी एक असली तरी मालक तो मालकच!

तिसरं नाव अर्ल यंग, फिलाडेल्फियाचा. 1973 च्या 'द लव्ह आय लॉस्ट'मध्ये त्यानं प्रत्येक ठोक्याला मोठ्या ड्रमवर पाय मारला. एक-दोन-तीन-चार, एकही ठोका रिकामा नाही. डिस्कोची चाल ती हीच. हे संगीत वाढलं न्यूयॉर्कच्या क्लबांत, काळ्यांच्या, लॅटिनोंच्या, समलिंगी पोरांच्या घामात. मग 1977 ला 'सॅटरडे नाइट फीव्हर'चा जोड-अल्बम आला. तोही एक संकलनच. आत अर्ल यंगच्या ट्रॅम्प्सचं 'डिस्को इन्फर्नो' आहे, कव्हरवर सगळे गोरे. दुकान जोरात चाललं. नंतर 12 जुलै 1979 ला शिकागोच्या कोमिस्की पार्कात काय झालं? डिस्कोची रेकॉर्ड आणा, 98 सेंटांत आत या. मैदानात रेकॉर्डींचा ढीग बारूद लावून उडवला. व्हिन्स लॉरेन्स नावाचा काळा पोरगा तिथं कामाला होता. त्यानं पुढं सांगितलं, लोकांनी आणलेल्या कित्येक रेकॉर्डी डिस्कोच्या नव्हत्याच, नुसत्या काळ्यांच्या होत्या. आपल्याकडं 1980 ला 'कुर्बानी' आणि 1982 ला 'डिस्को डान्सर' आला. डिस्कोचा झगमगाट आला. काळा माणूस कुठं आला?

चौथं नाव ग्रेगरी कोलमन. 1969 सालच्या एका रेकॉर्डीची मागली बाजू, 'आमेन, ब्रदर', बँड विन्स्टन्स. त्यात सातेक सेकंद एकटा ड्रम. 1986 मध्ये न्यूयॉर्कात 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' नावाची संकलनं निघू लागली. 1991 पर्यंत 25 भाग. असे तुकडे असलेली जुनी गाणी हुडकून डीजेंच्या हाती द्यायची, हे त्यांचं काम. पहिल्याच भागात 'आमेन, ब्रदर' होतं. त्या सात सेकंदांवर हजारो गाणी उभी राहिली. कोलमनला दमडी मिळाली नाही. 2006 साली तो अटलांटात बेघर मेला. 2015 ला इंग्लंडातल्या डीजेंनी वर्गणी काढून बँडच्या रिचर्ड स्पेन्सरला 24,000 पौंड दिले. चांगलं केलं. पण वर्गणी म्हणजे हक्क नव्हे.

म्हणजे संकलनं फेकून द्यायची? नाही दोस्तहो. ती नसती तर कोलमन मातीतच राहिला असता, आणि माझ्या हातात ती कॅसेट आली नसती. संकलनानं गाणं वाचवलं, माणूस नाही वाचवला. उरलेलं काम आपलं.

आता आपल्या घरात या. माझा बाप गेला. त्याची ढोलकी 14 एप्रिलच्या मिरवणुकीत अजून वाजते, मोबाइलवर वाजते. गायक आपला, कॅसेट काढणारा आपला, ऐकणारे आपले. बापाचं नाव कुठंच नाही. त्याला एका रात्रीची मजुरी मिळाली, वर चहा. शिव्या फक्त गोऱ्यांना आणि सवर्णांना द्यायच्या, आणि आपल्या ढोलकीवाल्याला नाव द्यायचं नाही, ही बनवाबनवी कुठवर चालायची?

म्हणून माझी मागणी साधी आहे. उद्यापासून आपल्या जलशाचं जे काही रेकॉर्ड होईल, त्यावर ढोलकीवाल्याचं, कोरसवाल्या बायांचं नाव पाहिजे, पूर्ण नाव. पैसे आले तर वाटा पाहिजे, तोही लेखी. घरी गेल्यावर आवडतं गाणं लावा आणि एकदा विचारा, हे वाजवतंय कोण?

उत्तर सापडेपर्यंत शोधा.

जयभीम!