घाट, टर्बो लॅग आणि औरंगाबादची ऑक्टाव्हिया

परतवाड्याहून सेमाडोहला येताना घाटात वळण संपलं, तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबला, अन् क्षणभर काहीच नाही बाप्पा! मग एकदम धक्का. हाच टर्बो लॅग.

१९७३ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो अशीच होती. १७० हॉर्सपॉवर, पण खालच्या आरपीएमला इंजिन झोपलेलं. त्यात तेलसंकट आलं. जेमतेम १,६७२ गाड्या बनल्या.

स्वीडनच्या साबनं ९९ टर्बोत डोकं लावलं. लहान टर्बो लवकर फिरतो. दाब वाढला की वेस्टगेट नावाची झडप उघडते, एक्झॉस्टचा जादा वायू टर्बाइनला वळसा घालून जातो. पॉवर कमी, १४५च, पण गाडी रोज चालवण्यासारखी. मला विचाराल तर खरी हुशारी हीच.

आपल्याकडे २००४ला स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आली, औरंगाबादच्या कारखान्यातून. १.८ लिटर, टर्बो पेट्रोल, १५० हॉर्सपॉवर. आज सेकंडहँड घेतलीत, तर एक सांगतो: घाट चढून सेमाडोहला पोचल्यावर लगेच चावी फिरवू नका. तापलेल्या टर्बोत ऑइल थांबलं की ते जळून चिकटतं. मिनिटभर इंजिन चालू राहू द्या, मग चहा घ्या.