पाळीपूर्व त्रास आणि तोलाचे व्यायाम

पाळी येण्याआधीच्या आठवड्यात अनेक मुलींची कंबर भरून येते, पोट फुगते, छाती दुखते, डोके जड होते. चिडचिड वाढते, साध्या बोलण्यानेही डोळे भरून येतात. पाळी सुरू झाली की तीन-चार दिवसांत हे सारे ओसरते. अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ मध्ये या त्रासाचे वैद्यकीय वर्णन केले. बीजकोशातून बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि पाळीच्या तोंडावर झपाट्याने उतरते. काही जणींच्या मेंदूला हा चढउतार अधिक जाणवतो. अशा मुलीला घरात कामचुकार ठरवणे हा तिच्यावर अन्यायच आहे.

या दिवसांत शरीराचा तोलही काही जणींमध्ये ढळतो. असा त्रास असलेल्या स्त्रियांचे शरीर उभे असताना अधिक डोलते आणि गुडघ्याची हालचाल त्यांना उशिरा जाणवते, असे स्वीडनमधील अभ्यासकांना २००३ मध्ये आढळले. डोळे, आतला कान आणि स्नायू-सांधे यांच्याकडून येणाऱ्या खबरांचा मेंदू मेळ घालतो, तेव्हा तोल टिकतो. तोलाच्या व्यायामांत हा मेळ वारंवार घालावा लागतो. पाठीचे, पोटाचे आणि कमरेभोवतीचे खोलवरचे स्नायू त्यामुळे कामाला लागतात आणि कमरेला आधार मिळतो. नियमित व्यायामाने पाळीपूर्व त्रास कमी होतो, असे अनेक छोट्या अभ्यासांत दिसले आहे. त्यात तोलाचा वाटा किती आणि नुसत्या हालचालीचा किती, हे मात्र अजून वेगळे काढलेले नाही.

या व्यायामांना यंत्र लागत नाही. अनवाणी, भिंतीजवळ उभे राहून एक पाय उचलावा आणि तीस सेकंद टिकवावा, मग दुसरा. जमू लागले की हेच डोळे मिटून, पुढे गोधडीच्या घडीवर उभे राहून करावे. जमिनीवर आखलेल्या रेघेवरून टाचेला बोटे लावत चालावे. हात आणि गुडघे टेकून उजवा हात व डावा पाय एकाच वेळी लांब करावा, कंबर हलू न देता. मग बाजू बदलावी. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलावी. प्रत्येक वेळी श्वास संथ चालू राहावा. आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. मात्र व्यायाम महिनाभर चालू हवा, केवळ त्रासाच्या दिवसांत नको. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव-औंढ्याच्या शाळांच्या मैदानांवर लंगडीचा डाव होतो, त्यात एका पायाचा तोल आपोआपच घोटला जातो. वयात आल्यावर मुलींचे हे खेळ बंद केले जातात, आणि नेमकी तेव्हाच त्यांची गरज वाढलेली असते.

त्रास पाळीशी जोडलेला आहे की नाही, हे ओळखायला भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. सलग दोन-तीन महिने त्रासाचे दिवस आणि पाळीची तारीख त्यावर टिपावी. दर महिन्याला एका पायावर किती सेकंद उभे राहता आले, तेही शेजारी लिहावे.

चक्कर येत असेल, तर व्यायामाआधी रक्त तपासावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. अशा मुलीचा तोल अशक्तपणामुळेही जाऊ शकतो. शाळा व अंगणवाडीतून मिळणारी लोह आणि फॉलिक आम्लाची आठवड्याची गोळी म्हणूनच चुकवू नये.

तीन महिन्यांनंतरही फरक पडला नाही, रक्तस्राव फार झाला किंवा वेदनेने शाळा बुडू लागली, तर आशाताईंमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात दाखवावे. जीव नकोसा वाटण्याइतकी उदासी आली, तर तपासणीसाठी तीन महिने थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.