पहिली शिट्टी



"तू अजून खेळतेस का?" असं सकाळपासून चौघांनी विचारलं. खेळत नाही. आठवडाभर सॉफ्टवेअरचं काम करते आणि शनिवार-रविवारी अमेरिकेतल्या कॉलेज टेनिसमध्ये पंच म्हणून उभी राहते.

तिथे सहा एकेरी सामन्यांचे सहा गुण आणि दुहेरीचा मिळून एक, असे सात. चेंडू आत की बाहेर, हे बहुतेक वेळा खेळाडूच सांगतात. वाद झाला की पंच. पण रॅकेट आपटणं, शिवी देणं, रागानं चेंडू भिरकावणं हे सारं आमच्याकडे. व्यावसायिक टेनिसमध्ये आधी ताकीद मिळते. कॉलेजात पहिल्याच गुन्ह्याला एक पॉइंट जातो, दुसऱ्याला अख्खा गेम, तिसऱ्याला सामना.

गेल्या वर्षी एका मुलानं पहिल्या सेटमध्ये रॅकेट जमिनीवर फेकली. माझ्या मुलाएवढाच तो. मी नुसतं "सांभाळ" म्हणाले. ऑफिसात दुसऱ्याच्या कोडमधली बारीक चूकही न सोडणारी मी, इथे आई झाले. तिसऱ्या सेटमध्ये ४-४ असताना त्यानं चेंडू कुंपणाबाहेर मारला. पॉइंट कापला. ५-५ ला रॅकेटचे दोन तुकडे केले. गेम गेला. पुढचा गेमही तो हरला, ७-५. संघांची बरोबरी ३-३ होती, त्यामुळे त्याचा संघही हरला.

नंतर तो माझ्याकडे आला. मला वाटलं, भांडेल. तो शांतपणे म्हणाला, "पहिल्यांदा तुम्ही काही केलं नाहीत. मला वाटलं, चालतं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठवली ती आपली खो-खोची मैदानावरची सकाळ. पळता पळता मी जरासा मोहरा वळवला, दिशा बदलली. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. सामना नव्हता, नुसता सराव होता. तरी सरांची शिट्टी वाजली. मी रडले, दोन दिवस सरांशी बोलले नाही. खऱ्या सामन्यात मात्र माझ्याकडून ती चूक कधी झाली नाही.

सर, तेव्हा तुम्ही मला कठोर वाटला होतात. त्या मुलाशी मी प्रेमानं वागले, असं मला वाटलं होतं. त्याचं मोल त्यानं आणि त्याच्या संघानं भरलं.

आता मी पहिल्याच वेळी पॉइंट कापते. हात अजून थरथरतो. तुमचाही थरथरायचा का, हे आज जेवताना विचारणार आहे.